बाळाचा कोपरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘बालकाची खोली’ असा छापला आहे. तो वाचून आपल्यापैकी कित्येकींना हसू आले असेल. दोन खोल्यांत सहा माणसे, त्यांत सोयाबीनची पोती आणि गाद्यांचा ढीग. बाळाला खोली द्यायची ती कोठून? मलाही खोलीविषयी बोलायचे नाही. मला बोलायचे आहे कोपऱ्याविषयी. चार हात लांब आणि तीन हात रुंद एवढी जागा वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात निघते. प्रश्न जागेचा नसून ती जागा मुलाच्या नावाने राखण्याचा आहे.

ही कल्पना माझी नव्हे. डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब मजुरांच्या वस्तीत बालगृह काढले. पुढे तेथे मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या, त्यांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे आली. आपल्याकडे हा विचार रुजविणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीस, राहत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, खडे, काड्या हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगण जर शाळा होऊ शकते, तर माजघराचा कोपरा बाळाची खोली का होऊ नये?

आता कोपरा निवडायचा कसा ते सांगते. चुलीपासून दूर, दारावरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत नसलेला. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि टिनाखालचे घर भट्टीसारखे तापते. टिनावर बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत, शक्य तर आतून छत ताणावे. उन्हाळा बराच सुसह्य होतो. कूलर बाळाच्या उशाशी ठेवू नका. थंडावा मिळतो हे खरे, पण त्या घरघरीत बाळ दचकत राहते आणि ओला वारा थेट अंगावर येतो. तो दूर ठेवावा, समोरची खिडकी उघडी असावी.

भिंतीला काय लावावे, असे माझ्या सूनबाईंनी मला विचारले होते. बाजारात हत्ती-जिराफांचे चकचकीत कागद मिळतात. मी म्हटले, “सूनबाई, तान्ह्या बाळाला जेमतेम वीतभर-सव्वा वीत अंतरावरचेच नीट दिसते. हे जिराफ पाव्हण्यांसाठी आहेत.” त्या हसल्या, आणि आम्ही साधा पांढरा रंग दिला. जुन्या घरांतील दारा-खिडक्यांच्या पोपडे निघणाऱ्या तेलरंगाकडे मात्र जरूर लक्ष द्या. त्यात शिसे असू शकते आणि ते मुलाच्या मेंदूस घातक आहे. २०१७ पासून घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये असा नियम आहे. पण जुने थर तसेच आहेत. ते कोरडे खरवडू नयेत, मुलाच्या हाती लागू देऊ नयेत.

झोळीविषयी थोडे स्पष्ट बोलते, कारण आपणां सर्वांचा तिच्यावर जीव आहे. रडणारे बाळ झोळीत शांत होते, ते नजरेसमोर असेतो ठीक. पण रात्रीच्या झोपेला सपाट, घट्ट अंथरूण हवे. बाळ उताणे निजवावे, उशी नको, तोंडाशी गोधडी नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. बाळ उठून बसू लागले की झोळी सोडून ठेवावी. लोंबत्या साडीत पीळ घालून खेळताना मोठ्या मुलांचे जीव गेले आहेत.

बाळ रांगू लागले की कोपऱ्याचे रूप पालटते. अंथरुणाच्या जागी सतरंजी येते आणि भिंतीशी एक उथळ टोपले. त्यात चारपाचच वस्तू: लाकडी चमचा, झाकणाचा डबा, कापडी चेंडू. जास्त वस्तू दिल्या की मूल एकही धड खेळत नाही. बाकीच्या वर ठेवाव्यात आणि आठवड्याने बदलाव्यात. मोबाईल या कोपऱ्यात येऊ देऊ नये. दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे. मूल मोबाईलपुढे गप्प बसते म्हणून आपण त्याला शांत समजतो. त्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

तिसऱ्या वर्षी एक फळी आणि काही विटा लागतात. फळी तीच राहते, विटा वाढत जातात. खुंटीही तशीच: आज मुलाच्या खांद्याएवढी, दोन वर्षांनी वीतभर वर. स्वतःचा सदरा स्वतः टांगणारे मूल आईच्या मागे कमी भुणभुणते, हे मी बालवाडीत इतकी वर्षे पाहिले आहे.

आणि येथेच मला खरे बोलायचे आहे ते येते. मुलगा मोठा होतो तसा त्याचा कोपरा वाढतो. फळीचे टेबल होते, दिवा येतो. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिची फळी डब्यांसाठी जाते. आमच्याच गल्लीत एक हुशार मुलगी आहे. धाकट्या भावाचा पाळणा टांगायला तिचा कोपरा घेतला गेला, आणि ती महिनोन्‌महिने जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करीत होती. कोणी तिला रागावले नव्हते, शाळाही सोडायला सांगितले नव्हते. फक्त जागा गेली. मी तिच्या आजीशी बोलले. आजी म्हणाल्या, “बाई, पोरीच्या जातीले कायचा कोपरा? मले कोनी देल्ला होता?” या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तो खराच होता. मी फळी आणि विटा घेऊन गेले. पाळणा खिडकीशी सरकवला, आजींनीच आपले जुने लुगडे पडद्यासाठी काढून दिले, आणि त्यामागे मुलीची कुलपाची पेटी ठेवली. वयात येणाऱ्या मुलीला कपडे बदलण्यापुरता आडोसा आणि स्वतःच्या किल्लीची एक पेटी, एवढे तरी मिळाले पाहिजे. पडद्याआड कोण बसले आहे याची चौकशी आजी हल्ली स्वतःच करतात आणि पाव्हण्यांना तिकडे जाऊ देत नाहीत.

फळीचे माप पुष्कळजणी विचारतात. लांबी दोन हात, रुंदी एक हात, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. विटा आडव्या रचून मातीने सांधाव्यात, वरून गोणपाट शिवावे, म्हणजे ढळत नाहीत. तीन वर्षांच्या मुलास तीन विटा, सहा-सात वर्षांच्यास चार, दहाच्या पुढे पाच. लाकूड नवेच हवे असे नाही. जुन्या बाजेची किंवा मोडक्या दाराची फळी उत्तम चालते, मात्र तिचा जुना रंग आधी सांगितल्याप्रमाणे पाहून घ्यावा.