रिकामे हात आणि घराचें मन



घरांतला पैसा आटला म्हणजे प्रथम काय आटतें, असें विचारल्यास आपण सहज म्हणूं, दूध आटतें, तूप आटतें. परंतु त्याहीपूर्वीं बहुधा बोलणें आटतें. आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

तो हिशेब एकदां ठेवला गेला. ऑस्ट्रियांत व्हिएन्नानजीक मारियेन्टाल नांवाचें एक गिरणीचें गांव आहे. 1929-30 च्या सुमारास तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारें गांव बेकार झालें. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनीं तेथील कुटुंबांची केलेली पाहणी 1933 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. लोकांपाशीं वेळच वेळ होता. तरी वाचनालयांतून जाणारीं पुस्तकें दोन वर्षांत निम्म्यावर आलीं. पुरुष रस्त्यानें रेंगाळत, जागोजाग थबकत. स्त्रिया मात्र झपाझप जात, कारण चुलीनें व मुलांनीं त्यांना रजा दिली नव्हती. आणि हातीं येणारी रक्कम जेथें कमी, तेथें निराशा व औदासीन्य अधिक, असें आढळलें.

हें दूरचें समजूं नये. 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईंतल्या सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यांतील हजारोंना गिरणीचें काम पुन्हा लाभलें नाहीं. भोंग्यावर उठणाऱ्या माणसाचा पगार गेला, तसा दिवसाचा आकारही गेला.

कारण वेतन म्हणजे केवळ पैसा नव्हे. उठण्याची वेळ, सोबत्यांची संगत आणि घरांतला मान हीं त्याबरोबर येतात व त्याबरोबरच जातात. मग माणूस चिडतो किंवा मुका होतो; आपण त्यास आळशी म्हणतों. वस्तुतः तो दुखावलेला असतो.

भुकेला उपदेश पुरत नाहीं; काम व भत्ता देणें हें समाजाचेंच कर्तव्य आहे. परंतु तोंवर घराच्या हातीं तीन गोष्टी आहेत. नोकरी गेल्याचें लपवूं नये. न सांगितलेली विवंचना मुलांना अधिक भिववते. बेकार माणसाकडे रोजचें एखादें खरोखर गरजेचें काम सोंपवावें. आणि झोप उडाली, जिणें नकोसें वाटूं लागलें, तर तापासाठीं जातों तसें निःसंकोच डॉक्टरांकडे जावें.

दूध निम्में आणलें तरी चालेल. रात्रीं पानावरचें बोलणें मात्र निम्में होऊं देऊं नये.