काउंटरवरचा माणूस



कवितेवर बोल, असं मला सांगितलंत. पण कवितेवर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी आज दुकानावर बोलणार आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एक पुस्तकांचं दुकान आहे, सिटी लाइट्स. ते मी पाहून आलो.

कोलंबस अव्हेन्यूवरच्या तिकोनी इमारतीत हे दुकान आहे. एका अंगाला चिनी वस्ती, दुसऱ्या अंगाला इटालियनांची जुनी वस्ती. आत शिरलं की कुणी 'काय पाहिजे?' म्हणून अंगावर येत नाही. भिंतीवर हातानं लिहिलेल्या पाट्या. वरच्या मजल्यावर फक्त कवितेची खोली, तिथं खुर्ची टाकलेली. बसा, वाचा, न घेता उठून जा. आपल्याकडं फळीशी उभं राहून पुस्तक चाळलं, की दुकानदार आधी आपल्या चपलांकडं बघतो. हे तुम्हीही भोगलंय, मीही भोगलंय.

हे दुकान जन्माला कसं आलं ते ऐका. पीटर मार्टिन नावाचा माणूस 'सिटी लाइट्स' नावाचं छोटं मासिक काढायचा. नाव चॅप्लिनच्या १९३१ च्या सिनेमावरून उचललेलं. मासिकाकडं पैसा नव्हता. कुठल्या अनियतकालिकाकडं असतो? तर त्या मासिकाच्या जागेचं भाडं सुटावं म्हणून त्यानं खाली दुकान टाकायचं ठरवलं. लॉरेन्स फर्लिंगेटी हा कवी येऊन मिळाला. १९५३ साली दोघांनी पाच-पाचशे डॉलर घातले. पुढं मासिक मेलं. १९५५ मध्ये मार्टिनही निघून गेला. दुकान उभं राहिलं.

विकायला काय ठेवलं? फक्त कागदी बांधणीची स्वस्त पुस्तकं. तिकडच्या प्रतिष्ठित पुस्तकवाल्यांच्या लेखी ती पुस्तकंच नव्हती. औषधांच्या दुकानात आणि पेपरच्या स्टँडवर खपायची ती चीज. जोडीला वर्तमानपत्रं, छोटी मासिकं, इटालियन अराज्यवाद्यांची पत्रं. फर्लिंगेटीनं सांगून ठेवलंय की, कचरा उचलणारे इटालियन कामगार दाराशी गाडी थांबवायचे, धावत आत यायचे, आपलं पत्र घ्यायचे आणि परत गाडीवर. आता मला सांगा, आपल्या शहरात कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस कुठल्या पुस्तकाच्या दुकानापुढं गाडी थांबवील? त्याला वाचायचं नाही म्हणता? अरे, त्याच्यासाठी तिथं ठेवलंय काय?

१९५६ मध्ये या दुकानानं अ‍ॅलन गिन्सबर्गचं 'हाउल' छापलं. खिशात मावणारं पुस्तक, किंमत पाऊण डॉलर. १९५७ मध्ये साध्या वेशातले पोलीस आले, पुस्तक विकत घेतलं आणि अश्लील म्हणून खटला भरला. कवी तेव्हा परदेशात. प्रकाशक फर्लिंगेटी गावाबाहेर, तो नंतर येऊन हजर झाला. पोलिसांनी पकडून नेला तो काउंटरवरचा माणूस. ज्यानं पुस्तक हातात दिलं, तो.

त्याचं नाव शिगेयोशी मुराओ. सिएटलला जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक, पण घराणं जपानी. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं जपानी रक्ताच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरादारातून उचललं आणि तारेच्या कुंपणात कोंडलं. गुन्हा कोणता? जन्म. त्या गर्दीत मुराओ होता, वयानं पोरगाच. जन्माच्या गुन्ह्याची शिक्षा काय असते, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पंधरा वर्षांनी तोच पोरगा पुन्हा सरकारच्या ताब्यात. या खेपेला एक पुस्तक विकलं म्हणून.

खटला चालला. नागरी हक्कांसाठी लढणारे वकील उभे राहिले, साहित्याचे प्राध्यापक साक्षीला आले. न्यायाधीश क्लेटन हॉर्न, रविवारी मुलांना बायबल शिकवणारा. ३ ऑक्टोबर १९५७ ला त्यानं निकाल दिला. पुस्तकाला सामाजिक मोल आहे, ते अश्लील नाही. मुराओ मात्र वेगळ्याच कारणानं सुटला. त्यानं ते पुस्तक वाचलं होतं, हे सरकारला सिद्ध करता आलं नाही! हसू नका. कायद्याच्या लेखी कवीला डोकं असतं, प्रकाशकाला डोकं असतं. विकणाऱ्याला नुसते हात.

१९६२ मध्ये गिन्सबर्ग मुंबईत आला. त्याचं नाव आपल्याकडच्या अनियतकालिकवाल्यांच्या तोंडी झालं. मुराओचं नाव कुणी घेतलं? त्यानं पुढं कितीतरी वर्षं ते दुकान चालवलं. १९९९ मध्ये तो गेला. आणि ज्या शहराच्या पोलिसांनी त्याला धरून नेलं, त्याच शहरानं २००१ मध्ये त्या दुकानाला ऐतिहासिक वास्तू ठरवलं. व्यवस्था अशीच असते. आधी उचलते, मग पाटी लावते. आता तिथं पर्यटक फोटो काढतात. तरीही २०२० मध्ये कोविडनं दुकानाला कुलूप लागलं, तीन लाख डॉलरची हाक घातली, तेव्हा वाचकांनी काही दिवसांत त्याहून जास्त गोळा करून दिले.

आता आपल्याकडं या. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊ करूनही छापली नव्हती. प्रस्थापितांच्या फळीवर आपल्याला जागा मिळत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीचं शिक्षण आहे. म्हणून ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर सतरंजी अंथरून पुस्तकं मांडणारा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या दुकानाला छप्पर नाही, पण गावाकडून आलेली बाई तिथं वाकून पुस्तक उचलते आणि तिच्या चपलांकडं कुणी बघत नाही.

आपले अंक कवींवाचून मरत नाहीत. कवी रांगेत उभे आहेत. अंक मरतात ते खाटेखालच्या गठ्ठ्यांत. छापेपर्यंत सगळे क्रांतिकारक, विकायच्या वेळी सगळे साहित्यिक! स्टेशनबाहेर दहा अंक हातात धरून उभं राहायला लाज वाटते. ज्याला ती वाटते, त्यानं विद्रोहाची कविता जरा बाजूला ठेवावी.

अंक बाहेर टेबलावर मांडलेत. टेबलामागं उभं कोण राहतंय, तेवढं सांगा.