पाचव्या प्रश्नाचं उत्तर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘आपली स्वप्नं आणि देवावरचा भरवसा’. हा विषय दोन तऱ्हांनी झटपट उरकता येतो. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणाऱ्याची टिंगल करायची आणि टाळ्या घ्यायच्या, ही एक तऱ्हा. देवावर हवाला ठेवून जे मोठे झाले अशा चारदोन माणसांच्या गोष्टी सांगायच्या आणि तुम्हाला खूश करून घरी पाठवायचं, ही दुसरी. या दुसऱ्या तऱ्हेत थोडी लबाडी आहे. जो पैलतीराला लागला तोच मागे वळून सांगतो की देव पाठीशी होता. मध्येच बुडालेल्याला व्याख्यानाला कुणी बोलावत नाही.

म्हणून आज मी अशा एका बाईंबद्दल बोलणार आहे, की ज्या कामासाठी त्यांनी सगळा जन्म पणाला लावला ते काम मायदेशी एक दिवसही त्यांच्या वाट्याला आलं नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी. नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ अनेकांनी वाचलेली असेल, सिनेमाही पाहिला असेल. पण मला त्यांच्या आयुष्यातली एकच संध्याकाळ नीट न्याहाळायची आहे.

तारीख २४ फेब्रुवारी १८८३. ठिकाण, कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर. नवरा गोपाळराव तिथल्या पोस्टात नोकरीला. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा अठरावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. भाषण इंग्रजीत. कल्याणच्या जोशांच्या घरातली, नऊवारी नेसलेली मुलगी परक्या मुलखात, परक्या भाषेत, भरल्या सभेसमोर सांगणार होती की मी अमेरिकेला एकटी का चालले आहे.

त्यांनी भाषणाची मांडणी मोठी चोख केली. लोक आपल्याला जे विचारतात तेच सहा प्रश्न स्वतःहून घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय कराल? आणि सहावा, आजवर कुणा बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करता?

यातला पाचवा प्रश्न आपला आजचा विषय आहे. पण त्याचं उत्तर कळायला आधी थोडं मागे जावं लागतं.

पहिली गोष्ट, हे स्वप्न मुळात आनंदीबाईंचं नव्हतं. बायकोला शिकवण्याचं वेड गोपाळरावांचं. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा नवरा त्यांच्याहून वीसएक वर्षांनी मोठा होता. शिकवण्याची त्याची तऱ्हा काही वेळा मारझोडीची होती. पुढे अमेरिकेतून त्यांनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराची आठवण स्पष्ट शब्दांत काढली आहे. मग ते स्वप्न त्यांचं कधी झालं? चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाळंतिणीला आणि तान्ह्याला पाहायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू द्यायचा नाही, ही कोंडी त्यांनी स्वतः भोगली. दुसऱ्याच्या हट्टानं सुरू झालेला अभ्यास त्या दुःखातून त्यांचा स्वतःचा झाला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. समोर बसलेल्या अनेकांच्या घरात मुलाचं स्वप्न म्हणून जे वावरतं ते वडिलांचं असतं. तेवढ्यानं ते खोटं ठरत नाही. पण ते आपलंसं झाल्याशिवाय त्यात देवाला ओढू नये. बापाची इच्छा, आपली इच्छा आणि देवाची इच्छा या तिन्ही एकच आहेत असं धरून चालणं फार सोयीचं असतं, आणि फार धोक्याचंही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८७८ साली गोपाळरावांनी मदतीसाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर यांचा रोख असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. जोशी पतिपत्नींनी ते मान्य केलं नाही. लक्षात घ्या, समुद्रापलीकडे जायचा दिसत असलेला एकमेव दरवाजा हा होता. होकार दिला असता तर कदाचित सगळं मार्गी लागलं असतं. पण स्वप्नासाठी श्रद्धा विकायची नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

आणि मग काय झालं पाहा. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी सहज चाळलं. कुठली कोण एक हिंदू मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते, हे वाचून त्यांनी पत्र धाडलं. पुढे त्याच आनंदीबाईंच्या ‘मावशी’ झाल्या. त्यांच्याच घरी आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या.

याला भाविक माणूस ईश्वरी योजना म्हणेल, नास्तिक योगायोग म्हणेल. मी त्या वादात शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच, की ते मासिक त्या टेबलावर पडायला आधी कुणीतरी अलिबाग-कोल्हापूरच्या बदल्यांच्या धबडग्यात बसून पत्र लिहावं लागलं, नकार पचवावा लागला, आणि नकारानंतरही मागे हटायचं नाही असं ठरवावं लागलं. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जायला पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारची धडपड, आणि पाचवं दैव. गीतेनं दैव नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मृगाचा पाऊस त्याच्या हातात नसतो, पण पाऊस पडेल तेव्हा पाहू म्हणून तो नांगरट टाळत नाही.

आता श्रीरामपूरच्या सभेत परत येऊ. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं अगदी व्यवहारी आहेत. देशात बाई डॉक्टरांची गरज आहे. मद्रासला एक कॉलेज आहे, बाकी ठिकाणी सुइणींचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे. शिकायला जाणाऱ्या बाईला रस्त्यात लोक गराडा घालतात, टिंगल करतात, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. जातीबाहेर टाकण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की मी हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणूनच परत येईन, आणि आपल्या माणसांत तशीच राहीन. यात कुठेही ‘देव बघून घेईल’ असं म्हणून टाळलेला प्रश्न नाही. जिथे माहिती हवी तिथे माहिती दिली, जिथे निर्धार हवा तिथे निर्धार सांगितला.

आणि मग पाचवा. संकट आलं तर? यावर त्यांच्या उत्तराचा गाभा असा : अपयशाच्या किंवा हालअपेष्टांच्या भीतीनं कर्तव्य सोडणं योग्य नाही, प्रयत्न केलाच पाहिजे, मग त्यात आपण जिंकू की बळी जाऊ याची फिकीर नको. तीन प्रकारच्या माणसांचा जुना विचारही त्यांनी पुढे केला. अडचणींच्या भयानं सुरुवातच न करणारे, अडचण येताच मध्ये सोडणारे, आणि वारंवार अडचणी येऊनही हाती घेतलेलं न सोडणारे. भर्तृहरीच्या नीतिशतकातून तो आपल्या ओळखीचा आहे.

‘बळी जाऊ’ हा पर्याय त्यांनी त्या दिवशी मोकळेपणानं मान्य केला, आणि मगच ७ एप्रिलला कलकत्त्याहून आगबोटीत पाऊल ठेवलं.

पुढचा प्रवास तुम्हाला माहीत आहे. ४ जूनला न्यूयॉर्क. मग फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज. तिथल्या खोलीची एक गोष्ट सांगतो. खोलीतली शेकोटी धूर ओकायची. पेटवली तर डोळे चुरचुरत आणि छातीत धूर जाई. विझवली तर पेन्सिल्वेनियाचा हिवाळा. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधायचं. अशा खोलीत बसून त्यांनी अभ्यास केला आणि प्रबंध लिहिला प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं. नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या त्या आजारी स्थितीतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. श्रीरामपूरच्या त्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. बाविसावं वर्षही पुरं नव्हतं.

आता मला विचारा : मग कुठे गेला तो भरवसा? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देणं हा त्यांचा अपमान होईल. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ हे वाक्य आपण पिठलंभाकरी घेऊन सांत्वनाला जातो तेव्हा ठीक. व्यासपीठावरून ते चालत नाही. आनंदीबाईंचा मृत्यू हे नुकसान होतं, त्यांचं आणि त्यांची वाट पाहणाऱ्या बायकांचं.

माझ्यापुरतं मी जे उत्तर काढलं आहे ते सांगतो. आपल्यातल्या पुष्कळांचा देवावरचा विश्वास नवसाच्या जातीचा असतो. पास होऊ दे, पाच नारळांचं तोरण बांधीन. नोकरी लागू दे, पायी तुळजापूरला येईन. फळ मिळालं तर विश्वास वाढतो, नाही मिळालं तर मूर्ती पालथी घालतो. तुकोबांनी या नवसांची टर उडवली तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी. आणि ज्या वारीला त्यांची पालखी जाते, तिच्यात आजही पुष्कळ माणसं अशी भेटतात की अठरा दिवस चालून पंढरीला पोचतात, गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाताही येत नाही, आणि कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांना विचारलं, काय मिळालं? तर ते तुमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात.

आनंदीबाईंचा भरवसा या दुसऱ्या जातीचा होता. फळाची हमी त्यांनी मागितलीच नव्हती, त्यामुळे देवानं वचन मोडलं असं म्हणायला जागा उरत नाही. त्या भरवशातून त्यांना मिळालं ते पाऊल टाकण्याचं बळ, टिंगल सोसण्याचं बळ, आणि अटी घालून आलेली मदत नाकारण्याचं बळ. मला वाटतं, देवावरच्या श्रद्धेकडून माणसानं मागावं ते एवढंच. निकाल मागायला गेलं की श्रद्धेचा सौदा होतो.

पण एक बजावणीही करतो. या गोष्टीतून ‘अंगावर दुखणं काढा, देव बघेल’ असा धडा कुणी घेऊ नये. धुरकट खोली, थंडी, अपुरं अन्न, यांचा परिणाम छातीवर झाला तो व्हायचाच होता. क्षयावर त्या काळी औषध नव्हतं. आज आहे. देवावर हवाला ठेवून तपासणी टाळणारा माणूस श्रद्धाळू नसतो, हलगर्जी असतो.

शेवटी, समोर बसलेल्या तरुण मंडळींशी थोडं बोलतो. या गावची किती तरी मुलं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीला बसली आहेत. पूर्व झाली, मुख्य राहिली. मुख्य झाली, मुलाखतीत गेलं. इकडे आई संकष्टी धरते, बाप वावराचा तुकडा गहाण टाकतो. त्या मुलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, निकाल विरुद्ध गेला म्हणजे देव विरुद्ध गेला असं नाही, आणि वाट बदलली म्हणजे श्रद्धा सोडली असंही नाही. आनंदीबाईंना पदवी हवी होती ती देशातल्या बायकांना औषधोपचार मिळावा म्हणून. आपलं स्वप्नही असं एका परीक्षेहून मोठं आहे का, हे तपासा. ते असेल तर परीक्षा गेली तरी काम उरतं, आणि ते करायला तहसीलदाराची खुर्ची लागतेच असं नाही. नसेल, नुसती खुर्चीच हवी असेल, तर तेवढ्यासाठी देवाला वेठीला धरू नका.

दुसरी गोष्ट आईबापांनाही लागू आहे. देवघरात जायच्या आधी कागद घेऊन बसा आणि श्रीरामपूरचे ते प्रश्न स्वतःला विचारा. का, कुठे, कुणाच्या जिवावर, लोक काय म्हणतील, आणि नाही जमलं तर काय. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आपल्यालाच लिहायची आहेत, ती देव लिहून देत नाही. पाचव्याचं उत्तर मात्र कुठल्याही मार्गदर्शन केंद्रात मिळत नाही. तिथे पोचलात, आणि ‘नाही जमलं तरी हे करण्यासारखंच होतं’ असं मनापासून म्हणता आलं, तर निर्धास्त निघा. म्हणता आलं नाही, तर अजून थोडं थांबा. थांबण्यातही देव असतोच.