पानातील मासळी आणि तिच्यातील धातू



कर्जत-खालापूरच्या आपल्या घरांत मृगाचा पाऊस आणि वलगणीची मासळी यांची सांगड फार जुनी आहे. मळ्या, शिवडा, खवली पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत व खाचरांत चढतात. अंड्यांनी भरलेली ती मासळी ओरबाडावी काय, हा वाद आम्ही आज काढीत नाही. आज बोलावयाचे आहे ते मासळीच्या अंगात साठणाऱ्या पारा, शिसे व कॅडमियम या धातूंविषयी.

खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. तेथून सुटणारे पाणी पाताळगंगेस व उल्हासेच्या खोऱ्यास मिळते. या पाण्याच्या आधाराने खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने उभे राहिले. पाण्याचा नमुना त्या घटकेपुरते सांगतो. माशाच्या अंगात मात्र महिनोन्महिन्यांचा हिशेब साठलेला असतो. म्हणूनच मासा तपासावयाचा.

जपानातील मिनामाता येथे १९५६ मध्ये जो आजार उघडकीस आला, त्याचे कारण कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा हे होते. तो मासळीवाटे माणसांत गेला, आणि आयांना फारशी व्यथा नसताही गर्भातील अर्भकांचे मेंदू दुखावले.

मोजण्याची रीत अशी. माशाचा तुकडा तोलून नायट्रिक आम्लात विरघळवितात. त्या द्रावणाच्या वाफेतून ठराविक प्रकाश सोडला की धातूचे अणू जितके अधिक तितका तो अधिक शोषला जातो. ही पद्धत अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली. बहुतेक माशांकरिता आपल्याकडे पाऱ्याची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे, म्हणजे वीस लाख भागांत एक भाग.

परंतु आकडा वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. माशाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यामुळे सुक्या वजनावर काढलेला आकडा ओल्याच्या चौपट दिसतो, आणि मर्यादा असते ओल्या वजनाची. दुसरे असे की, प्रयोगशाळेत बहुधा केवळ मांस तपासतात. पारा मांसात असतो हे खरे. तथापि शिसे हाडांत व कॅडमियम काळजात आणि मूत्रपिंडात अधिक साठते. मळ्यासारखी बारीक मासळी तर आपण डोक्याकाट्यांसकट खातो! तेव्हा ती जशी पानात येते तशीच तपासली पाहिजे.

भगिनींना एक विनंती. बाळंतिणीस दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची आपल्याकडे चाल आहे. मोरी ही शिकारी जात. लहान मासळीतील पारा तिच्यात एकवटतो, आणि तो धुण्याने वा शिजविण्याने जात नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस मोरीऐवजी बांगडा किंवा तारली द्यावी. मासळी बंद करू नये. तिच्यातील सत्त्व आईस व बाळास हवेच असते.

पदार्थविज्ञान व रसायन शिकलेल्या आपल्या तरुणांनी येत्या उन्हाळ्यात खोपोलीच्या वर व रसायनीच्या खाली, तसेच उल्हासेवर कर्जत व नेरळ येथे, एकाच जातीचे व सारख्या लांबीचे मासे मिळवावेत. प्रत्येकाची जात, लांबी, वजन, जागा व तारीख लिहून ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे द्यावेत. त्याचा खर्च मंडळाने उचलावा, असा ठराव आम्ही या सभेपुढे मांडीत आहोत.