ईसीजी नॉर्मल आहे



मागच्या दाराजवळच्या खुर्च्या आधी भरतात, हा सगळ्याच व्याख्यानमालांचा अनुभव आहे. वक्त्याने त्यावर रागवायचं नसतं. पण मी पडलो मानसोपचाराचा डॉक्टर. त्या रांगेत कुणी आत आल्याआल्या आधी दार हेरलं, मग जागा धरली, आणि आता पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून बसलाय का, हे मी बघत राहतो. जीव घाबरा झाला तर चटकन बाहेर पडता यावं, म्हणून केलेली ती सोय असते. आज त्या माणसाविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्या घरच्यांविषयी जरा जास्तच.

एका बाईंची हकिगत सांगतो. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तुकडे एकत्र शिवले आहेत. वय ४२, रोज सातारा-कराड एसटीने नोकरीला जाणाऱ्या. एके सकाळी उंब्रजच्या अलीकडे छातीत धडधडायला लागलं. घशाला कोरड, दरदरून घाम, बोटांना मुंग्या. आपण आता मरतो, अशी त्यांची खात्रीच झाली. कंडक्टरने गाडी थांबवली, कुणीतरी दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. ‘काही नाही, गॅस असेल.’ पित्ताची गोळी घेऊन घरी. महिन्याभरात पुन्हा तेच. मग टू-डी इको झाला, पट्ट्यावर चालवून झालं, शेजारणीच्या आग्रहाने उताराही टाकून झाला. सगळे रिपोर्ट चांगले. उताऱ्याचा रिपोर्ट मिळत नाही, एवढंच.

या ‘काही नाही’ने फार घोटाळा केला आहे. डॉक्टर म्हणतात हृदयाला काही नाही. बाईंना ऐकू येतं, तुम्हाला काही नाही, तुम्ही सोंग करता. पण हे सोंग नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सैनिक तपासून जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली लिहून ठेवलं की, यांच्या छातीत दुखतं, धडधडतं, दम लागतो, पण हृदयात दोष सापडत नाही. तोफांसमोर उभी राहिलेली माणसं होती ती. त्यांना भित्रट कोण म्हणेल?

मग होतं काय? जुन्या गावात रात्री जागल्या असायचा. मेंदूतही तसा एक आहे, बदामाएवढा, त्याला अमिग्डला म्हणतात. धोका दिसला की तो आरोळी ठोकतो, ॲड्रेनलिन रक्तात सुटतं, हृदय आणि श्वास धावायला लागतात. वाघ समोर असेल तर हे उत्तमच. पण हा जागल्या पाचोळा वाजला तरी ओरडायला लागला, की माणूस एसटीत बसल्याबसल्या पळत असतो. श्वास नको तितका जलद झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. ती गरगर पाहून माणूस म्हणतो, झटका आला. जागल्या आणखी जोरात ओरडतो. हा झाला पॅनिक अटॅक. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला पोचतो आणि मग, काहीही केलं नाही तरी, उतरतो. काहींना असा उसळून झटका येत नाही. सहा-सहा महिने मुलाची, पगाराची, कुकरच्या शिट्टीची, सगळ्याची धास्ती मंद आचेवर शिजत राहते. काहींना चारचौघांत बोलायचं म्हटलं की दरदरून घाम.

एक सांगून ठेवतो. छातीत पहिल्यांदा दुखेल तेव्हा ईसीजी काढायचाच. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघायचं. थायरॉईड वाढला तरी असंच धडधडतं.

आता बाईंच्या घराकडे येऊ. आधी एसटी बंद झाली, नवरा मोटारसायकलने सोडायला लागला. मग बाजार बंद, भाजी मुलगा आणू लागला. पुढे लग्नकार्यं बंद, मग नोकरीवर रजा. नवऱ्याचा तासातासाला फोन : ‘बरं वाटतंय ना?’ वाईट कुणीच वागलं नाही. उलट सगळ्यांनी जिवापाड जपलं, आणि जपत जपत त्यांना आतल्या खोलीपर्यंत नेऊन पोचवलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण म्हणतो. पळणाऱ्याला तो खरा की खोटा हे कधी कळतच नाही, कारण वळून बघायच्या आत तो पळालेला असतो. एसटी टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि मन शिकतं : टाळली म्हणून वाचलो. फोनचंही तेच. दर तासाला विचारावं लागतंय, म्हणजे काहीतरी भयंकर होणार असणार.

मग वळून बघायचं कसं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे नाव मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचयाचं आहे. हे एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात ठरवून महिन्याभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलणं केलं. एक जण पुन्हा भेटायला तयार झाली, आणि आलीच नाही! पण भीती गेली. आज हा प्रयोग कुणी करू नये, पोलीस चौकीत रवानगी होईल. भीतीला टाळायचं नाही, ठरवून तोंड द्यायचं, हे तत्त्व मात्र उपचारात टिकलं आहे.

बाईंसाठी आम्ही पायऱ्या केल्या. आधी नुसतं स्टँडवर बसायचं. मग एक थांबा, नवरा शेजारी. मग नवरा मागच्या बाकावर. भीती चढली तरी उतरायचं नाही. ती उतरेपर्यंत आपण बसायचं. घरच्यांना शिकवलं की ‘काळजी करू नकोस’ म्हणू नका, ‘भीती वाटतेय ना, मी आहे, बसू या’ म्हणा. दोन्हींत मायाच आहे, पण दुसऱ्या वाक्यात बाईंना थोडं कर्तृत्व उरतं.

जोडीला गोळी दिली. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तिचं व्यसन लागत नाही, पण मनाने बंद करायची नाही. शेजाऱ्याकडून उसनी आणतात ती ‘शांत झोपेची अर्धी’ निराळी : ती अर्ध्या तासात गुण देते, आणि सवय तिचीच लागते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झालं. चिंता, उदासीनता यांसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातले सुमारे ८५ जण उपचारापर्यंत पोचतच नाहीत, असं त्यात आढळलं. जायचं कुठे, हे माहीत नसणं हेही त्याचं एक कारण. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर लिहून घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास, फुकट चालतो, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. आणि २०१७च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याप्रमाणे आरोग्य विम्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवायला हवं. एजंट नाही म्हणाला तर त्याला हे ऐकवा.

बाई पाचव्या महिन्यात एकट्या कराडला गेल्या. नवऱ्याला सक्त ताकीद होती, फोन करायचा नाही. तो सातारा स्टँडवर बसून राहिला, फोन हातात धरून. मला वाटतं, त्या सकाळी जास्त धडधड त्याचीच झाली असेल. उतरल्यावर बाईंनीच फोन लावला. डबा ओट्यावरच राहिलाय, म्हणाल्या, तुम्ही खाऊन टाका.