चैत्रांगणाचे चौकोन

चैत्र उजाडला की महाराष्ट्रातील जुन्या घरांपुढील अंगणास निराळीच शोभा येई. सडासंमार्जन झालेल्या जमिनीवर पहाटे रांगोळी निघे. तीत मधोमध झोपाळ्यावर बसलेली गौर, तिच्या दोहों बाजूंस सूर्य आणि चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, आंब्याचे झाड, गोपद्मे अशी चिन्हे एकामागून एक मांडली जात. यासच चैत्रांगण म्हणतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे गौर माहेरी असेपर्यंत, ते रोज रेखावयाचे असा प्रघात. चिन्हांची संख्या आणि मांडणी घराघरांत निराळी. परंतु शिकण्याची रीत सर्वत्र एकच. सासूने काढावे, सुनेने पाहावे. आईने बोट धरावे, मुलीने रेघ ओढावी. या चित्रपाठास पुस्तक नव्हते, आणि त्याची कोणास उणीवही भासली नाही.

आता नवी मुंबईकडे पाहावे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या संस्थेची स्थापना झाली, आणि ठाणे व रायगड या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर एक नवे नगर उभे करण्याचे काम सुरू झाले. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशी उपनगरे वसली, त्यांचे क्रमांक घातलेले विभाग झाले, आणि विभागांत अनेक मजली इमारती आल्या. जुन्या आगरी-कोळी गावठाणांत अजूनही कोठे कोठे घरापुढे मोकळी जागा आढळते. परंतु सातव्या मजल्यावर राहणाऱ्या गृहिणीस अंगण कोठून असणार? उंबरठ्याबाहेर हात-दीड हात फरशी, तिच्यापलीकडे शेजाऱ्याचे दार, आणि मधून उद्वाहकाकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची वर्दळ. तेवढ्या जागेत कमळ निघते, स्वस्तिक निघते. सबंध चैत्रांगण मावत नाही. कित्येक घरांतून तर छापील रांगोळीचा कागदच फरशीस चिकटविलेला असतो. आजीच्या हातात चिन्हे आहेत, नातीच्या डोळ्यांसमोर ती कधी आली नाहीत, आणि दोघींमध्ये ती उमटावयास जमीन नाही, अशी ही स्थिती आहे.

या अडचणीवर एक घरगुती उपाय आहे, आणि तो म्हणजे क्रोशाची सुई.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला; त्याचा अर्थ लहानसा आकडा. एक आकड्याची सुई आणि एक धागा, एवढ्याच साहित्यावर हे काम चालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा याच सुईने विणलेल्या जाळीने तेथील कित्येक कुटुंबांस दोन घास मिळवून दिले. त्याच शतकात मिशनरी स्त्रियांबरोबर ही कला हिंदुस्थानात आली. आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूर येथे तिने धंद्याचे रूप घेतले. गोवा-वसईकडील ख्रिस्ती घरांत आणि पुढे मराठी मध्यमवर्गीय घरांतही ती रुळली. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, आणि अशा संस्थांमुळे स्त्रियांच्या हातकामास शिक्षणाची प्रतिष्ठा लाभली. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळाचे टोपडे, फार काय, दिवाणखान्यातील रेडिओवरचे आच्छादनसुद्धा एके काळी क्रोशाचेच असे.

या कामातील चौकोनांची गोधडी हा प्रकार गृहिणीच्या दिनक्रमास विशेष मानवणारा आहे. सबंध पांघरूण एकसंध विणावयाचे तर ते मांडीवर ओझे होऊन बसते. चौकोन मात्र तळहातावर मावतो. कुकरची शिटी होईपर्यंत एक फेरी, मुलाची शिकवणी सुटेपर्यंत दोन, वाशीहून बोरीबंदरापर्यंतच्या आगगाडीत, बसावयास जागा मिळाल्यास, उरलेल्या सर्व. अमेरिकेत १८८५ साली शेतकऱ्यांच्या एका पत्रात अशा चौकोनाची कृती छापून आली होती. तिकडे त्यास पुढे ‘आजीचा चौकोन’ असे नाव पडले. उरलेसुरले धागे वाया जाऊ न देण्याची आजीची वृत्ती त्या नावात दिसते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या मराठी आजीस ती नवीन नाही.

कृती सोपी आहे. चार-पाच साखळ्या घालून त्यांचे कडे करावे. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालावे, आणि दर दोन गटांमध्ये कोपऱ्यासाठी दोन-तीन साखळ्या सोडाव्या. पहिल्या फेरीत खांब झाले १२. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन गट आणि बाजूच्या प्रत्येक पोकळीत एक गट, असे घालीत गेले की दुसऱ्या फेरीत २४, तिसरीत ३६, याप्रमाणे दर फेरीस १२ खांब वाढतात. सहाव्या फेरीअखेर एका चौकोनात २५२ खांब होतात, आणि बेताच्या जाड सुताने त्याची बाजू सुमारे सहा इंच भरते. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब पांघरुणास असे आठ गुणिले बारा, म्हणजे ९६ चौकोन लागतात. सरावलेल्या हातास एका चौकोनास पाऊण ते एक तास पुरतो.

आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. २०२६ सालच्या पंचांगात मकरसंक्रांत १४ जानेवारीस आणि अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. ते दोन्ही दिवस धरून मोजले असता बरोबर ९६ दिवस भरतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर पहिला चौकोन घ्यावा, रोज एक पुरा करावा, आणि गौरीची बोळवण होते त्या दिवशी शेवटचा हातावेगळा करावा. मध्ये ज्या दिवशी पाहुणे येतील, मूल आजारी पडेल, त्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करावी लागेल, एवढेच.

आता चिन्हांकडे वळू. क्रोशात जाळीकाम म्हणून एक प्रकार आहे. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, असे पोकळ घर तयार होते; साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तेच घर भरीव होते. भरीव आणि पोकळ घरांच्या मांडणीतून वाटेल ते चित्र उठविता येते. ज्या स्त्रीस ठिपक्यांची रांगोळी येते, तिला हे निराळे शिकवावे लागत नाही. ठिपक्यांच्या जागी घरे आली, इतकाच फरक. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत अकरा घरांच्या अकरा ओळी आखाव्या आणि आजीस चिन्ह सांगावयास लावावे. कैरी कोणत्या बाजूस वळते, हत्तीची सोंड वर की खाली, तुळशीवृंदावनास पायऱ्या किती, यावर घरात वाद होतील. ते खुशाल व्हावे. कारण त्या वादातच, आजवर बोलून न दाखविलेला पाठ प्रथमच शब्दांत उतरतो. वहीचा तो कागद मात्र जपून ठेवावा. गोधडीहून त्याचे मोल कमी नाही.

चित्राच्या चौकोनास जरा बारीक सूत व लहान सुई घ्यावी, आणि शेवटी कडेने मुक्या खांबांची फेरी घालून तो इतर चौकोनांच्या मापास आणावा. ९६ पैकी २४ चौकोन चित्रांचे आणि बाकीचे साधे ठेविले, तर पांघरूण शोभते आणि दमछाकही होत नाही.

येथे एका नाजूक प्रश्नाचा विचार अवश्य केला पाहिजे. रांगोळीतील चिन्हांस पाय लागू नये म्हणून ती ओलांडतानाही जपतात. मग तीच चिन्हे पायांवर घ्यावयाच्या पांघरुणात कशी घालावी? ही शंका खुळी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. कैरी, आंब्याचे पान, कडुनिंबाची डहाळी, पोपट, हत्ती, मोगऱ्याचे फूल यांस कोणाचा आक्षेप नसावा. गौर, लक्ष्मीची पावले, शंख, चक्र, स्वस्तिक ही मात्र पांघरुणात घेऊ नयेत. त्यांचे चौकोन निराळे जोडून गौरीच्या चौरंगामागे टांगण्याचा पडदा करावा, अथवा पूजेच्या तबकावरचे आच्छादन करावे. दरवर्षी हळदीकुंकवास आलेल्या बायका कैरीची डाळ आणि पन्हे घेत असता तो पडदा पाहतील, आणि “आमच्याकडे ह्यात नागाची जोडी असते” असे एखादी सांगेल. चैत्रांगणाचे निम्मे काम तेथेच साधेल.

दुसरा प्रश्न हवेचा. इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकांतील वसंत आणि खाडीकाठचा वसंत यांत पुष्कळ अंतर आहे. तिकडे बर्फ वितळते तेव्हा इकडे घामाच्या धारा लागतात. अशा वेळी लोकरीचे पांघरूण कोण घेणार? शिवाय बाजारात लोकर म्हणून जे स्वस्त गुंडे मिळतात ते बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात आणि अंगास उबतात. म्हणून नवी मुंबईसाठी सूतच घ्यावे. ते घाम टिपते, जाळीतून वारा येतो, आणि पंख्याखाली झोपलेल्या बाळास अथवा रुग्णालयाच्या थंड केलेल्या खोलीतील आजाऱ्यास ते पुरेसे होते. तांबडा व निळा धागा आधी मिठाच्या पाण्यात बुडवून रंग जातो की काय हे पाहावे. नाही तर पहिल्याच धुण्यात ९६ दिवसांची मेहनत गुलाबी होते. जोडकाम आणि धुणे मृगाच्या आत उरकावे, कारण पावसाळ्यात जाड सूत लवकर वाळत नाही व त्यास बुरा येतो. ठेवणीत सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालावा. पाडव्यास जो पाला चावून तोंड कडू करावयाचे, तोच कसरीपासून वस्त्राचे रक्षण करतो.

नवी मुंबईत एका मजल्यावर चार बिऱ्हाडे असतात, आणि चौघांचे वसंतातील सण एक नसतात. क्रोशाच्या चौकोनाची ही मोठीच सोय आहे की त्यास चिन्ह नसले तरी चालते. रंग पुरे होतो. होळीस गुलाली, पाडव्यास कडुनिंबाचा हिरवा, १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीस निळा, ईस्टरास पांढरा, ईदेस हिरव्या काठाचा पांढरा, अक्षय्य तृतीयेस पिकल्या आंब्याचा पिवळा. चार शेजारणींनी प्रत्येकी २४ चौकोन केले तर एक पांघरूण होते. मात्र सुई एकाच मापाची आणि सूत एकाच जाडीचे घ्यावे. हाताची ओढ प्रत्येकीची निराळी असतेच, तीत सुईच्या फरकाची भर नको. अनेक हातांचे काम किती वाढू शकते याचे उदाहरणही आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या स्त्रियांच्या मंडळाने ११,१४८.५ चौरस मीटरांचे क्रोशाचे पांघरूण जोडून जागतिक विक्रम केला. ते असेच सुटे विणलेले तुकडे एकत्र आणून झाले होते.

शेवटी या कामाच्या मोलाविषयी. “वेळ जात नाही म्हणून विणते” असे घरातील माणसे सहज म्हणतात, आणि पुष्कळदा ती स्त्रीही म्हणते. या एका वाक्याने किती नुकसान होते हे नरसापूरच्या इतिहासावरून कळते. मारिया मीस या विदुषीने तेथील जाळी विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे श्रम दूरदेशीच्या बाजारांत विकले जात होते, परंतु त्या ‘घरी बसलेल्या’ आणि काम ‘फावल्या वेळचे’ असे धरल्यामुळे मजुरी अत्यल्प मिळे, असे त्यांनी दाखवून दिले. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाकामास भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने मजुरी आपोआप वाढत नाही. बेलापूरच्या अर्बन हाटासारख्या ठिकाणी हातकामाची दुकाने लागतात, तेव्हा क्रोशाच्या गोधडीपुढे उभे राहून किंमत निम्म्यावर आणू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने मनाशी एक हिशेब करावा. सुताचा खर्च सोडला तरी तीत सत्तर ते शंभर तासांचे श्रम आहेत. क्रोशाचे टाके खरोखर उतरविणारे यंत्र अद्याप बाजारात रुळलेले नाही. जे विणले आहे ते कोणाच्या तरी बोटांनीच विणलेले आहे. ज्या घरातील एखाद्या व्यक्तीने ९६ चौकोन स्वतः पुरे केले, त्या घरातील कोणी अशी घासाघीस सहसा करणार नाही.

यंदा ज्यांस सबंध पांघरूण झेपणार नाही, त्यांनी निदान एक कैरी विणावी. तिचे देठ कोणत्या बाजूस असावे, हे सुई उचलण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारावे, आणि ती सांगेल ते त्याच दिवशी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यावे.