मनाच्या तपासणीची पावती

माझी मावसबहीण पुण्यात कात्रजला राहते. वजन एकशे दहा किलोच्या पुढे, साखर काही केल्या आटोक्यात येईना, रात्री झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि त्याआधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. शस्त्रक्रिया पोटाची, मग मनाची तपासणी कशाला, असं तिला वाटलं.

तिथे एक प्रश्न होता : रात्री उठून खाता का? ती गप्प झाली. यजमान गेल्यापासून रात्री दोनला फरसाणाचा डबा उघडायची, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, आधी हे सावरू, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर तुम्हालाच त्रास होईल. त्यात दीड महिना गेला. मग शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली.

विम्याचा दावा मंजूर झाला, पण मनाच्या तपासणीच्या दोन पावत्यांचे ३,२०० रुपये कापून. पहिल्या पावतीपुढे शेरा, 'दाखल होण्यापूर्वीच्या तीस दिवसांबाहेर'. दुसरीपुढे, 'आजाराशी संबंध नाही'. म्हणजे तपासणीने आपलं काम चोख केलं, शस्त्रक्रिया थांबवली, आणि त्या थांबण्यामुळेच पावती मुदतीबाहेर गेली! याचं मला फार वाईट वाटतं.

२०१९ साली विमा नियामकाने पॉलिसींमधली वगळणुकीची कलमं एकसारखी केली. त्यानुसार वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय किमान ४० हवा. किंवा किमान ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह. हे ४० आणि ३५ चे आकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या तज्ज्ञ परिषदेच्या निवेदनातही आहेत. त्याच परिषदेने असंही सांगितलं होतं की रुग्णाची निवड करताना सर्जन आणि आहारतज्ज्ञांसोबत मानसोपचाराचा जाणकारही हवा. आपल्या कलमातही शस्त्रक्रियेला वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधार हवा, असं लिहिलंय. मग त्या कार्यपद्धतीतल्या एका तपासणीचा आजाराशी संबंध नाही, हे कसं पटावं?

मानसिक आजारावरच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण 'ही तपासणी आहे, उपचार नव्हे' असं म्हणायला कंपनीला जागा उरते.

म्हणून सांगते, सर्जनकडून लेखी चिठ्ठी घ्या : अमुक शस्त्रक्रियेसाठी मानसिक तपासणी आवश्यक. पावतीवर नुसतं 'सल्ला' नको. शस्त्रक्रियेचं नाव, तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख असू द्या. दाखल होण्याआधीचा किती दिवसांचा खर्च मिळतो, तीस की साठ, हे पॉलिसीत आधीच बघा. पैसे कापले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

बहिणीच्या सर्जननी दोन ओळींचं पत्र दिलं आणि दुसऱ्या पावतीचे १,८०० रुपये तिच्या खात्यात आले. पहिली पावती, १,४०० रुपयांची, अजून तिच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. लोकपालांकडचा अर्ज आम्ही दोघी येत्या सोमवारी द्यायला जाणार आहोत.